पसरणी घाट आणि १९४८ ची शेवर्लेट: सहा सिलिंडरच्या जुन्या इंजिनाची ताकद वाढवताना

पार्श्वभूमी

गाडी १९४८ ची शेवर्लेट फ्लीटमास्टर. वाई तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबात ती आजोबांच्या काळापासून आहे. गाव, नावं आणि गाडीचा नंबर इथे दिलेला नाही, एकदोन घरगुती तपशीलही बदलले आहेत. इंजिनाचे तपशील मात्र जसेच्या तसे ठेवलेत. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता, तो १९५४ मध्ये बंद झाला. ही गाडी तिथेच जुळवलेली, असं घरातली मंडळी सांगतात.

इंजिन सरळ ओळीतल्या सहा सिलिंडरचं, २१६ घनइंचाचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं. कंपनीच्या आकड्यांनुसार मिनिटाला ३३०० फेऱ्यांना ९० एचपी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, फक्त ६.५. तीन गिअर, लिव्हर स्टिअरिंगखाली. सहा व्होल्टची बॅटरी.

गाडी बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. सध्याचे मालक चाळिशीतले. त्यांनी ती रंगवून घेतली, सीट शिवून घेतल्या, टायर बदलले. मग घरच्यांना घेऊन पाचगणीला निघाले.

अडचण

पसरणी घाटात गाडीने दम तोडला. दुसऱ्या गिअरवर रडतरखडत, वळणावर पहिला, आणि वर पोचेपर्यंत रेडिएटरने दोनदा वाफ सोडली. मागच्या सीटवर बसलेले मालकांचे चुलते, अण्णा, वैतागून म्हणाले, "दादांच्या हातात असताना हीच गाडी टॉपवर चढायची. तुम्ही हिचं काय केलंत?"

मालकांनी याचा अर्थ असा काढला की इंजिन आजच्या मानाने कमजोर आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये आले तेव्हा त्यांच्या डोक्यात यादी तयार होती: दोन कार्बोरेटर, हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासून कॉम्प्रेशन वाढवणं, वेगळा एक्झॉस्ट. तेवढ्याने नाही भागलं तर मोठं इंजिन. "मिस्त्री, पैशाचं बघू नका, पण गाडी घाट चढली पायजे," हे त्यांचं वाक्य.

मागणी अवाजवी नव्हती. पण कामाला हात घालण्याआधी एक हिशेब कागदावर मांडला, आणि पुढचे सगळे निर्णय त्या हिशेबाभोवती फिरले.

वाईपासून पाचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटरमध्ये सुमारे सहाशे मीटर चढ आहे. सरासरी पाच टक्के, काही तुकडे आठ टक्क्यांच्या आसपास. गाडी माणसांसकट पावणेदोन टन धरली आणि आठ टक्के चढावर ताशी ४० चा वेग धरला, तर वजन वर ओढायला, टायरच्या घर्षणाला आणि वाऱ्याला मिळून चाकांवर लागतात जेमतेम २५ एचपी. इंजिन ९० चं. उंचीमुळे दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद जाते, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये आणखी थोडी जाते. हे सगळं वजा केलं तरी घाट चढायला हातात भरपूर उरायला हवी.

म्हणजे प्रश्न "ताकद कशी वाढवायची" हा नव्हताच. असलेली ताकद कुठे गेली, हे आधी शोधायला हवं होतं.

काय मोजलं

कॉम्प्रेशन गेज लावला. चार सिलिंडर ८५ ते ९० पौंडांच्या दरम्यान. तिसरा आणि चौथा ६० च्याही खाली. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली गेले की संशय आधी हेड आणि ब्लॉकमधल्या पत्र्यावर, हेड गॅस्केटवर जातो, आणि तो खरा ठरला: दोघांच्या मधल्या पट्टीवर गॅस्केट जळून काळी वाट पडली होती.

टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते बघायला या इंजिनात एक जुनी सोय आहे. फ्लायव्हीलमध्ये पोलादी गोळी ठोकलेली असते आणि स्टार्टरच्या बाजूला बेल हाउसिंगला एक खिडकी असते. ठिणगी पडते त्या क्षणी त्या खिडकीत गोळी काट्यासमोर असली पाहिजे. इथे ठिणगी पडत होती बरीच उशिरा. कुणीतरी कधीतरी रॉकेलमिश्रित पेट्रोलवर ठोका येऊ नये म्हणून टायमिंग मागे नेलं असावं आणि ते तसंच राहिलं.

मॅनिफोल्डमध्ये (मिश्रण आत आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडात) कार्बोरेटरच्या खाली एक उष्णतेचा पडदा असतो. थंड इंजिनात तो एक्झॉस्टची ऊब इनटेककडे वळवतो आणि इंजिन तापलं की बाजूला सरकतो. इथे तो गंजून "थंड"च्या जागी अडकलेला. परिणामी भर घाटात इनटेक भाजून निघत होता. रेडिएटरच्या निम्म्या नळ्या क्षाराने बुजलेल्या. या गाडीच्या रेडिएटरला दाबाचं झाकण नाही, त्यामुळे पाचगणीच्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. खाली वाईत जी कसर खपून जाते, ती वर खपत नाही.

पेट्रोलचाही वाटा होता. आजच्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि त्याला जळायला शुद्ध पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते. कार्बोरेटरचं जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) जुनंच ठेवलं तर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडतं. पातळ मिश्रण, उशिरा टायमिंग आणि गरम इनटेक हे तिन्ही एकत्र आल्यावर इंजिन तापणार नाही तर काय?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी, खोलल्यावर दिसली. त्यासाठी या इंजिनाचं तेल कसं फिरतं ते आधी सांगायला हवं, कारण ताकद वाढवण्याची खरी मर्यादा तिथे आहे.

२१६ मध्ये क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) चार मेन बेअरिंगना पंपाच्या दाबाने तेल मिळतं. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडना मिळत नाही. प्रत्येक रॉडच्या तळाला छोटी पळी असते. चेंबरमध्ये तेलाने भरलेले हौद असतात, पळी त्यातून तेल उचलते. फेऱ्या वाढल्या की चेंबरमधल्या नोझलमधून तेलाची धार थेट पळीवर पडते. तेलाचा दाब असतो १४ पौंडांच्या आसपास. नव्या गाड्यांची सवय असलेला माणूस गेज बघून घाबरतो आणि पंप बदलायला निघतो, पण तेवढाच दाब या इंजिनाला नॉर्मल. रॉडमध्ये बदलता येणारं शेल बेअरिंग नाही, थेट ओतलेलं व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगचा मऊ पांढरा धातू. मंद फेऱ्यांना हे इंजिन कितीही ओढेल. सतत ३००० फेऱ्यांच्या वर पिळलं, तर मात्र व्हाइट मेटल आधी तडकतं आणि मग सुटतं.

हौदांमध्ये काळा गाळ बसला होता. पाचव्या रॉडच्या व्हाइट मेटलला केसासारख्या भेगा. अजून थोडे दिवस घाटात पिळली असती, तर रॉड ठोकायला लागला असता.

समोरचे पर्याय

पहिला: इंजिन कंपनीच्या स्थितीला आणायचं आणि थांबायचं.

दुसरा: मालकांची यादी. दोन कार्बोरेटर, घासलेलं हेड, दुभागलेला एक्झॉस्ट. सगळे बदल नटबोल्टने परत काढता येतील असे.

तिसरा: २३५ घनइंचाचं शेवर्लेट इंजिन. दिसायला जवळजवळ सारखं, बसतंही बऱ्यापैकी. जुनं बेल हाउसिंग आणि पुढची माउंटिंग प्लेट ठेवायची, आणि फॅन रेडिएटरला लागू नये म्हणून वॉटर पंपासाठी अॅडॉप्टर प्लेट घालायची. १९५४ नंतरच्या २३५ मध्ये रॉडना शेल बेअरिंग आणि दाबाचं तेल आहे. १९५३ च्या पहिल्या कॉर्व्हेटमध्ये याच कुळातलं इंजिन तीन कार्बोरेटर आणि ८ च्या रेशोवर १५० एचपी देत होतं. नुसत्या यंत्राच्या दृष्टीने पाहिलं तर हाच सर्वात सरस पर्याय, यात वाद नाही.

मालकांना एका भंगारवाल्याकडे २३५ सापडलंही. पण २३५ म्हटलं की सगळी सारखी नसतात. १९४१ पासून ट्रकमध्ये आलेली सुरुवातीची २३५ ही पळीवाली, व्हाइट मेटलचीच. ओळखायची सोपी खूण म्हणजे वॉल्व्हचं झाकण. जुन्यांवर ते वरून दोन स्टडने आवळलेलं असतं, १९५४ नंतरच्यांवर कडेने चार स्क्रू. सापडलेलं इंजिन दोन स्टडचं निघालं. घनइंच वाढले असते, मूळ दुखणं तसंच राहिलं असतं.

चौथा पर्याय गावातल्या जवळपास प्रत्येकाने सुचवला: मेटॅडोरचं डिझेल टाका. एका काळी महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या अमेरिकन गाड्यांचं हेच झालं, आणि त्यांच्या मालकांना दोष देता येत नाही, कारण तेव्हा पेट्रोल परवडत नव्हतं आणि पार्ट मिळत नव्हते. आज मात्र डिझेल टाकून गाडीची किंमत आणि मजा दोन्ही जाते.

टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा विषयही निघाला, मालकांच्या भाच्याकडून. १४ पौंड तेलदाब आणि पळीने तेल पिणारे रॉड पाहिल्यावर त्यानेच तो मागे घेतला.

कागदपत्रांची बाजू

इथे निर्णय खऱ्या अर्थाने वळला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातले तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदललं की नंबर बदलतो आणि आरटीओची मंजुरी लागते.

दुसरीकडे, जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न झालेली गाडी यात बसते. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्या नोंदणीला "व्हीए" मालिका मिळते. या कुटुंबाला आजोबांचा नंबर जिवापाड प्रिय, म्हणून ही वाट त्यांना लगेच आवडली. पण अट अशी की विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच.

मग रविवारी पाचगणीला जायचं स्वप्न?

घरात यावर बरीच खडाजंगी झाली. अण्णांचं म्हणणं, गाडी शोभेची करायची असेल तर इंजिनावर खर्च कशाला? शेवटी असं ठरलं की सध्याची साधी नोंदणीच पुढे चालू ठेवायची, म्हणजे घाटात जाता येईल, आणि इंजिन मूळ ठेवायचं, म्हणजे पुढची पिढी विंटेजसाठी अर्ज करू शकेल. दोन्ही वाटांवर २३५ आणि डिझेल आपोआप बाद झाले. राहिले पहिला आणि दुसरा. ते टप्प्याटप्प्याने करायचे आणि प्रत्येक टप्प्यानंतर मोजायचं, असं ठरलं. मोजमाप साधं: महामार्गाच्या सपाट तुकड्यावर टॉप गिअरमध्ये ३० ते ६० आणि ६० ते ८० ला लागणारा वेळ, दोन्ही दिशांनी घेऊन सरासरी.

काम

पहिल्या टप्प्यात इंजिन उतरवलं. सातारा-कोल्हापूर पट्ट्यात हे काम करायला मुंबईला जावं लागत नाही. साताऱ्यात कूपर मंडळींनी इंजिनांचा उद्योग उभा केला, कोल्हापूरला फाउंड्र्या आहेत, आणि त्यांच्या आसपास लेथ, बोअरिंग आणि ग्राइंडिंगची चांगली कामं करणारी माणसं तयार झाली. ब्लॉक ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर केला, क्रँक ग्राइंड केली. सहाही रॉडमध्ये नव्याने व्हाइट मेटल ओतून घेतलं. ते करणारा कारागीर एरवी साखर कारखान्यांच्या टर्बाइनची बेअरिंग भरतो. शेल बेअरिंग बसतील असे रॉड मशीन करावेत, हा सल्लाही मिळाला होता. तो मुद्दाम टाळला: तेल जर पळीनेच येणार असेल, तर शेल बसवून फायदा थोडा आणि जोखीम नवी.

सगळ्यात जास्त वेळ तेलाच्या नोझलवर गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. चेंबर बाकावर आडवा ठेवून नोझलला पाण्याची नळी जोडली. धार नेमक्या रेषेवर पडायला हवी, पळी जिथून जाणार तिथे. सहापैकी दोन धारा वाकड्या होत्या, एक तर नुसतीच ठिबकत होती. तार फिरवून साफ केल्या, हलक्या हाताने वाकवून जागेवर आणल्या. बाहेरून न दिसणारं हे काम, पण रॉडचं आयुष्य त्यावर ठरतं.

क्रँकच्या पुढच्या टोकाचा बॅलन्सरही बघितला. सरळ सहा सिलिंडरचं इंजिन स्वभावतःच संतुलित असतं, पण क्रँक लांब असल्याने ती पिळवटते, आणि ते झटके हा बॅलन्सर खातो. त्यातलं रबर चिरलं होतं, नवं भरून घेतलं. टॅपेटची, म्हणजे वॉल्व्हची फट गरम इंजिनावर इनटेक ६ थाऊ आणि एक्झॉस्ट १३ थाऊ ठेवली. कार्बोरेटरमध्ये मीटरिंग रॉड बारीक घालून मिश्रण ई२० साठी दाट केलं. पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. रेडिएटर उघडून नळ्यांमधून गज फिरवला.

दुसऱ्या टप्प्यात हेड. मूळ हेड घासायचं नाही, असा आग्रह आम्ही धरला, कारण घासलेला धातू परत येत नाही. मालकांनी जुन्या सामानातून दुसरं हेड मिळवलं. ते दीड मिलिमीटर घासलं. काचेच्या नळीने मोजून रॉकेल भरत प्रत्येक खोलगटाचं आकारमान सारखं केलं. बोअरची वाढ धरून रेशो ६.५ वरून ७ च्या किंचित वर गेला. ई२० चा ऑक्टेन ९५ असल्याने ठोक्याची भीती नव्हती. पण गणिताने यातून ताकद मिळते फक्त तीन टक्क्यांच्या आसपास, हे मालकांना आधीच सांगितलं होतं.

तिसऱ्या टप्प्यात त्यांची आवडती गोष्ट. जीपला लागणारे दोन सोलेक्स कार्बोरेटर एका बनवून घेतलेल्या मॅनिफोल्डवर, आणि एक्झॉस्ट पुढचे तीन, मागचे तीन असा दुभागलेला. यामागचं तर्कशास्त्र चोख आहे. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४ असल्याने तीन-तीनच्या गटात धक्के बरोबर समान अंतराने येतात, एकमेकांच्या पायात येत नाहीत. शिवाय एकाच कार्बोरेटरच्या लांब मॅनिफोल्डमध्ये टोकाच्या सिलिंडरना मिश्रण नीट पोचत नाही, तेही सुधारतं.

परिणाम

दुरुस्तीआधी ३० ते ६० ला १५ सेकंद लागत होते. पहिल्या टप्प्यानंतर साडेनऊ. घासलेल्या हेडनंतर नऊ. दोन कार्बोरेटरनंतरही नऊच. ६० ते ८० मध्ये मात्र तिसऱ्या टप्प्याने आठचे सात सेकंद केले.

घाट चढताना फेऱ्या बाराशे ते दोन हजारांच्या दरम्यान असतात. त्या पट्ट्यात दोन कार्बोरेटरचा काही उपयोग झाला नाही. त्यांचा फायदा सुरू होतो तो त्याहून वरच्या फेऱ्यांना, आणि तिथे हे इंजिन जास्त वेळ ठेवायचंच नाही. त्यात दोन्ही कार्बोरेटर सारखे ठेवायला दर महिन्याला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसावं लागायचं आणि पेट्रोलचा खर्च वाढला. थोड्याच दिवसांत मालकांनी स्वतःहून जुनं मॅनिफोल्ड परत बसवलं. घासलेलं हेड ठेवलं. मूळ हेड तेल लावून खोक्यात बंद आहे.

पसरणी आता वळणं सोडली तर टॉपवर चढते. अण्णांनी एवढंच विचारलं, की मग एवढे दिवस वर्कशॉपमध्ये काय करत होतात.

वेगळं काय करता आलं असतं

रंग आणि सीटच्या आधी इंजिन खोलायला हवं होतं. नव्या रंगाच्या गाडीतून इंजिन उतरवताना फेंडरवर पोती बांधून काम करावं लागलं, वेळही गेला आणि एक ओरखडा उरलाच.

कॉम्प्रेशन गेज, टायमिंग आणि रेडिएटर ही तपासणी अर्ध्या दिवसाची. ती घाटात जाण्याआधी झाली असती, तर पाचव्या रॉडला भेगा कदाचित पडल्या नसत्या, आणि व्हाइट मेटल, जोडातले पातळ पत्रे (शिम) काढून, आणखी काही वर्षं चालवता आलं असतं.

तिसरा टप्पा पूर्णच टाळता आला असता. फेऱ्यांचं गणित आधीपासून समोर होतं. तरी मालकांना स्वतः चालवून बघायचं होतं, आणि बदल परत काढता येण्यासारखा असल्याने आम्ही फार अडवलं नाही. दुसऱ्या एखाद्या मालकाला मात्र हा खर्च करू नका, असंच सांगेन.

सगळ्यात मोठी राहिलेली गोष्ट ब्रेकची. चारी चाकांना ड्रम, आणि हायड्रॉलिक लाइन एकच, म्हणजे एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. गाडी वर झपाट्याने चढायला लागली तशी खालीही झपाट्याने उतरायला लागली. ताकदीच्या कामाआधी ब्रेकचं काम, हा क्रम असायला हवा होता. सध्या व्हील सिलिंडर आणि होस नवे घातले आहेत, ड्रम लेथवर साफ केले आहेत. मास्टर सिलिंडर दुहेरी करायचा की मूळ ठेवायचा, यावर घरात पुन्हा चर्चा सुरू आहे. तोपर्यंत उतरताना दुसरा गिअर सोडायचा नाही, असं मालकांनी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला बजावलं आहे.